दोन बारची शपथ

आमदारानं कितीदा निवडून यावं, याला कायद्यात हद्द नाही. आमच्या भागातल्या आमदारांनी ती स्वतःहून घालून घेतली होती आणि तिथंच माझ्या आईला संशय आला. पहिल्या निवडणुकीला त्यांनी गावच्या महादेवापुढं बेलभंडारा उचलला आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली, "दोन बार मी. तिसऱ्या बारीला अण्णा."

अण्णा म्हणजे माझे वडील. आसपासची चार खेडी त्यांच्या शब्दावर मतं टाकायची.

"ज्याला खरंच सोडायचंय, त्यो आधीच देवाला मधी घालत न्हाई," आई म्हणाली. अण्णांना ते पटलं नाही. त्यांनी लातूरहून एक पांढराशुभ्र नेहरू शर्ट शिवून आणला आणि ट्रंकेत ठेवला. संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलांपुढं "अध्यक्ष महाराज" म्हणत भाषणाची तालीम करायचे. मला हसू यायचं. पण खोटं कशाला बोलू, बोलायचे झकास.

आमदारांच्या दुसऱ्या बारीत भूकंप झाला. घर पडलं, महादेवाचं देऊळही पडलं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. आमदार धावले, ते नाकारत नाही. पण दरवेळी निघताना डोळे पुसत म्हणायचे, "तुम्हाला असं उघड्यावर टाकून कसा जाऊ?" अहो, पण जा म्हणालं कोण होतं? तेव्हापासून मीही आईच्या बाजूला गेलो.

मी दहावी झालो. तेव्हा ज्याला त्याला लातूरच्या कॉलेजाचं आणि तिथल्या शिकवण्यांचं वेड होतं. मीही अर्ज टाकला. प्रवेशाची यादी लागायच्या आधीच आमदारांची जीप आमच्या शेडपुढं थांबली. "अण्णा, पोराचं लातूरचं काम करून टाकलं बरं का."

"आम्ही कवा म्हणलं व्हतं?" आईनं आतून विचारलं. आमदार हसले. अण्णा हसले नाहीत. मला प्रवेश मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आलो, तेव्हा निवडणूक तोंडावर होती. आमदारांनी शेडांपुढच्या मोकळ्या जागेत माणसं जमवली. ताटात बेल आणि भंडारा घेऊनच आले होते. अण्णांपुढं हात जोडून म्हणाले, "तुमच्यासमोर शपथ घेतली, तुम्हीच सोडवा. लोकं अजून पत्र्याखाली हायेत. तुम्ही 'सुटली' म्हणलात तरच उभा राहतो. न्हाई तर घरी बसतो."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. म्हणू नका, म्हणू नका, असं मी मनातल्या मनात घोकत होतो. अण्णांनी मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलं.

"सुटली," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लातूरला परत गेलो, पण मनातली शंका जाईना. शेवटी कॉलेजच्या क्लार्कला विचारलंच, की माझ्यासाठी आमदारांचा फोन आला होता का. ते चष्म्यावरून बघत राहिले. "कुणाचा फोन? मार्क बघ की तुझे. तुला कशाला पाहिजे रे वशिला?"

पुढच्याच शनिवारी एस.टी. धरून गावी आलो. कधी एकदा सांगतो असं झालं होतं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं. बाहेर अण्णा शेजाऱ्याला सांगत होते, साहेबांनी शब्द टाकला म्हणून पोरगं लातूरला लागलं. मी तसाच बाहेर निघालो, तर आईनं पिठाच्या हातानंच माझं मनगट धरलं.

"त्यान्ला सांगू नगंस."

"आई, फसवलंय त्यांना."

"ठावं हाय मला. पर आपली आमदारकी पोराला दिली, असं समजून झोपतेत त्ये. त्येवढं बी काढून घेतूस का?"