फॉर्मला मी घातलेलं कुलूप

भाषण ठोकायची सवय मला कॉलेजपासूनची. विषय ठरलेला: वेब कुणाच्या बापाची नाही. तेव्हा एका बड्या कंपनीचं ब्राउझर प्रत्येक कॉम्प्युटरवर आयतं बसवलेलं यायचं, आणि कुठलीही कामाची साइट उघडली की खाली लिहिलेलं असायचं, हे पान फक्त याच ब्राउझरमध्ये नीट दिसेल. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अरे, पानं कशी लिहायची याचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवलेत, ते कुणालाही फुकट वाचता येतात, ते पाळले तर पान कुठेही उघडतं. मग ही दादागिरी कशाला? चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जो सापडेल त्याला धरून मी हे ऐकवायचे. आई म्हणायची, हिला लोक स्थळं सांगतात आणि ही त्यांना ब्राउझर सांगते.

आमची बिल्डिंग अंबरनाथ पश्चिमेला. खालच्या मजल्यावर काका राहतात. नात्यातले नव्हेत, पण लहानपणी दर रविवारी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, त्यामुळे नात्यातल्यांपेक्षा जवळचे. काकांना जन्मापासून दिसत नाही. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. सगळ्या डिपार्टमेंटचे नंबर तोंडपाठ, आणि नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायचे. सकाळी काठी घेऊन नाक्यावर उभे राहिले की शिफ्टचे रिक्षावाले त्यांना कडेची सीट देत. कुणी हात धरून चढवायला गेलं तर मात्र खपायचं नाही त्यांना. ‘मला दिसत नाही, चालता येतं,’ असं म्हणून हात सोडवून घ्यायचे.

त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला तो मीच लावून दिला. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. आणि त्या बड्या कंपनीचं ब्राउझर बाजूला सारून दुसरं टाकलं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. वर भाषण होतंच. मी म्हटलं, काका, एकाच्या दावणीला स्वतःला बांधून घ्यायचं नाही, हे वापरा आणि काही झालं तरी सोडू नका. काकांनी ते मनावर घेतलं. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते सगळं त्यांनी जाड कागदाच्या पट्ट्यांवर ब्रेलमध्ये टोचून ठेवलं आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा भरभर चालवायला लागले.

मग वर्षं गेली. ज्या कंपनीला मी शिव्या घालायचे ती हरली. मला कोण आनंद झाला होता. पण तिच्या जागी दुसरी बडी कंपनी आली, तिचं ब्राउझर चकाचक, पळायला झटपट, आणि बघता बघता सगळे तिच्याकडे गेले. इतके, की बाकीच्या मोठ्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणांनी ब्राउझर आतून चालवणारी स्वतःची इंजिनं गुंडाळली आणि हिचंच इंजिन आपल्या डब्याला जोडलं. एव्हाना मी उल्हासनगरात वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात लागले होते. मालक सिंधी, माणूस दिलदार, पण घाईचा. खालच्या मजल्यावर जीन्सचा कारखाना. तिथे पुठ्ठ्याचा एक फर्मा कापडाच्या थरावर ठेवून एका झटक्यात वीस पँटी कापतात. आम्हीही वर तेच करायचो. एक फॉर्म तयार होता, तोच साडीच्या दुकानाला, तोच क्लासवाल्याला, नाव बदलून. आणि तपासायचा फक्त त्या नव्या बड्या ब्राउझरमध्ये, कारण सगळे तेच वापरतात ना. हे वाक्य मी कधी म्हणायला लागले ते मला आठवत नाही. जुन्या कंपनीचे लोकही हेच म्हणायचे, ते मात्र चांगलं आठवतं.

आता मुद्द्याचं. काकांच्या कंपनीने टेलिफोनचा बोर्ड बंद करायचं ठरवलं. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, बोर्ड हवाय कुणाला? गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर घेऊन कॉम्प्युटरमध्ये भरायचा नवा कक्ष निघणार होता, त्यात मोजक्या जागा, आतल्याच लोकांसाठी. अर्ज ऑनलाइन, शुक्रवारी पाचपर्यंत. ज्याचा अर्ज नाही त्याने निवृत्ती घ्यायची. काकांची अजून चार वर्षं बाकी होती आणि ते काम म्हणजे जणू त्यांच्याच मापाचं. त्या अर्जाचा फॉर्म बनवायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं, आणि ऑफिसातून माझ्याकडे आलं. मी जिन्यात काकांना थांबवून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, काका, तुमचा फॉर्म मीच करतेय. ते म्हणाले, मग काळजीच मिटली.

फॉर्म सोमवारी चालू झाला. बुधवारी कंपनीतल्या अधिकाऱ्याचा फोन: एका मॅनेजरच्या मशीनवर जन्मतारखेचं कॅलेंडर तिरपं दिसतंय, बटणावर चढलंय. ते कॅलेंडर मी कुठूनतरी आयतं उचललेलं होतं आणि ते फक्त त्या बड्या ब्राउझरमध्येच धड चालायचं. मालक खुर्चीमागे येऊन उभा. ‘साईं, कुछ भी कर, शाम तक शिकायत बंद.’ नीट करायचं तर कॅलेंडर काढून दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने टाकायचे होते. मी ते केलं नाही. मी एक ओळ लिहिली: ब्राउझर दुसरं असेल तर फॉर्म दाखवूच नको, त्याऐवजी सूचना दाखव. कुलूपच घातलं म्हणा.

सूचना मराठीत हवी होती. आता आमच्याकडे मराठी मजकुराची एक जुनी खोड आहे. पूर्वी मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांचे चौकोन व्हायचे, म्हणून डीटीपीवाले मजकूर टाइप करून त्याचं चित्रच करून पाठवायचे. आता ती भानगड राहिलेली नाही, सगळ्या जगाने अक्षरांसाठी एकच पद्धत मान्य केलीय, मराठी कुठेही मराठीच दिसते. तरी सवय जात नाही. खाली रस्त्यावर डीटीपीवाला आहे, त्याने ठसठशीत अक्षरात करून दिलं, ‘कृपया अमुक ब्राउझर वापरावे’, मी ते चित्र चिकटवलं आणि घरी गेले. चित्रामागे चार शब्द लिहायचे असतात, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना ते ऐकू येतात. ते मी लिहिले नाहीत. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. यावर मी भाषणं दिलेली आहेत.

काका दोन दिवस त्या पानाशी झगडत होते. हे मला नंतर कळलं. काकू तेव्हा बदलापूरला मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या, घरात वाचून दाखवायला कुणी नव्हतं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, सगळ्या पट्ट्या चाचपून झाल्या. कंपनीतल्या कुणाला विचारावं, तर जागाच कॉम्प्युटरवर काम करायची. ज्याला अर्ज भरता येत नाही तो तक्रारी काय भरणार, असं कुणी म्हणेल याची त्यांना धास्ती. आणि मला का नाही विचारलं? तर फॉर्म मी केलेला, म्हणजे तो बरोबरच असणार, चूक आपलीच. पुन्हा पुन्हा विचारून पोरीला कशाला त्रास, असं वाटलं म्हणे.

रविवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली. अर्ज राहिला, हे त्यांनी अगदी शेवटी सांगितलं. आधी म्हणाले, ‘अगं, माझ्या मशीनला काय झालंय जरा बघतेस का? पान उघडतं, पण रिकामंच लागतं.’

मी खाली गेले. त्यांनी पान उघडलं. सॉफ्टवेअरचा तो कोरडा आवाज म्हणाला, ‘ग्राफिक’, आणि गप्प झाला. काका म्हणाले, बघ, एवढंच. माझ्यासमोर पडद्यावर माझी सूचना ठसठशीत अक्षरात होती. ब्राउझर मीच टाकून दिलेलं, काही झालं तरी सोडू नका म्हणून बजावलेलं. माझ्या कानशिलात कुणी दिली असती तर बरं झालं असतं. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, काका, तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मीही जुना झालोय, चालायचंच.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी कॅलेंडर काढून तीन रकाने टाकले. अर्धा तास लागला. मग कंपनीतल्या त्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, एक अर्ज राहिलाय, घेता येईल का. माणूस चांगला निघाला. काकांना तोही ओळखत होता. तो म्हणाला, ‘मॅडम, फॉर्ममध्ये तुमच्याकडून प्रॉब्लेम होता असं मेलवर लिहून द्या. मी आजच वर बोलतो, एका माणसासाठी परत उघडू.’

काचेपलीकडे मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझंच कौतुक सांगत होता, मॅडमचा फॉर्म कधी बंद पडत नाही. मी फोन कानाला धरूनच ते ऐकलं. मग म्हणाले, नाही सर, आमच्याकडून काही नव्हतं, त्यांच्या मशीनचा असेल. तो म्हणाला, मग अवघड आहे. फोन ठेवल्यावर मी डबा उघडून जेवले. जेवण गेलं, हे मला आजही सांगायला लाज वाटते.

महिनाअखेर काकांना शाल-श्रीफळ मिळालं. सकाळी नाक्यावर रिक्षावाले काही दिवस त्यांची वाट बघून मग निघायचे. मी जिना उतरताना त्यांच्या दारापाशी चपला हातात घ्यायला लागले होते, कारण ते पावलांवरून ओळखतात. असले धंदे मी चार महिने केले. मग एकदा काकूच वर आल्या. म्हणाल्या, हे बाहेरच पडत नाहीत गं, वीज बिलसुद्धा जावयाकडून भरून घेतात, मला आता हे जमत नाही म्हणतात, तू जरा बोल त्यांच्याशी, तुझं ऐकतात.

मी गेले. काका टेबलापाशी बसून जाड कागदाला टोचत होते. नव्या पट्ट्या. जावयाने ते बड्या कंपनीचं ब्राउझर टाकून दिलं होतं आणि माझं काढून टाकलं होतं. काका सांगत होते, सगळी बटणं वेगळी आहेत, लक्षात राहत नाही, डोकं चालत नाही पूर्वीसारखं. माफी मागितल्यासारखे बोलत होते. माझी माफी. तू सांगितलेलं सोडलं म्हणून.

तेव्हा मी सांगून टाकलं. रडत नाही, भडाभडा. कॅलेंडर, कुलूप, चित्र. ‘काका, तुमचं मशीन ठीक होतं. तुम्ही सगळं बरोबर दाबत होतात. दार मी बंद केलं होतं, आणि बंद आहे हे तुम्हाला ऐकूही येऊ दिलं नाही.’ मग त्या फोनचंही सांगितलं, तुमचा अर्ज घ्यायला ते तयार होते आणि मी खोटं बोलले.

मला वाटलं, आता घराबाहेर काढतील, काढावंच. त्यांनी टेबलाचा खण उघडला, तळाशी हात घालून जुन्या पट्ट्या काढल्या, अजून जपून ठेवलेल्या, आणि पहिल्या पट्टीवरून हळूहळू बोट फिरवलं.

‘म्हणजे मला येत होतं,’ ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून काकूंना हाक मारली. काकू हात पुसत दारात आल्या. काका मला म्हणाले, ‘आता हिला सांग. पहिल्यापासून. मी हिला सांगून बसलोय की माझ्याने होत नाही.’

मी काकूंकडे बघितलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.