व्हरांड्याची लांबी

नायगावच्या आमच्या मराठी शाळेत अभ्यासक्रम मुलांपर्यंत किती पोचला हे मोजायला वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येतात. मी तिथली शिक्षिका नाही. ‘मराठी शाळा वाचवा’ची पत्रकं चाळींतून वाटते आणि तिसरीच्या बाईंना मदत करते. सरळ सांगते, वर्षभराचं शिकणं मोबाइलवरच्या तीन चौकोनांत कोंबणं ही थट्टा आहे. येते, मदतीने येते, येत नाही. संपलं पोर!

त्या दिवशी खिचडी खाऊन वर्ग पेंगत होता. बाहेर पाडकामाची क्रेन इतकी हळू फिरत होती, की तीही पेंगतेय असं वाटावं. माझ्या ओढणीला धरून चाळीतली एक मुलगी उभी होती. सकाळीच तिच्या आईने फाटकाशी सुनावलं होतं, “ताई, यंदा पण ‘येत नाही’ आलं तर हिला इंग्रजीत टाकते. मग तुमची पत्रकं तुम्हीच वाचा.”

साहेबांनी तिला विचारलं, “हा व्हरांडा किती लांब असेल? अंदाज सांग.”

“सात माणसं.”

“काय?”

“झोपलेली. एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं. आमची खोली दोन माणसं लांब आहे.”

चाळीत खोली अशीच मोजतात. गणपतीला गावची माणसं येणार म्हटलं की आधी कोण कुठे आडवं होणार ते ठरतं, जेवणाचं मग. साहेबांचा अंगठा तिसऱ्या चौकोनाकडे निघाला. मी तोंड उघडलं, तोच बाई म्हणाल्या, “भाषण नको गं. आडवी हो.”

मी झोपले. लादी गार होती. मुलगी माझ्या डोक्याशी, पायाशी खडूने रेघ मारायची आणि म्हणायची, “ताई, पुढे सरक.” क्रेनची सावली अंगावरून गेली. डोळे मिटले तर माझ्या पायाशी कुणाची तरी आत्या, तिच्यापलीकडे रात्रपाळीहून आलेले काका, सगळी एका लयीत श्वास घेत असलेली. सातव्यांदा आडवी झाले तेव्हा भिंत आली. वीतभर उरलं.

“ती उशीची जागा,” मुलगी म्हणाली.

“उत्तर मीटरमध्ये लागतं,” साहेब म्हणाले.

तिने कोपऱ्यातली मीटरपट्टी आणून मलाच मोजलं. “दीड.” मग बोटांवर पुटपुटली, “सात... आणि साडेतीन. साडेदहा. उशी वेगळी.”

साहेब हसले. अंगठा मधल्या चौकोनाकडे वळला: ‘मदतीने येते.’

“मदत कुणी केली?” मी पडल्या पडल्या ओरडले. “मी नुसती झोपले होते!”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. अंगठा मागे आला आणि पहिल्या चौकोनावर टेकला.

शाळा सुटल्यावर मुलगी लांबूनच आईला ओरडली, “येते!”

“बरं,” आई म्हणाली. “यंदा राहू दे.”

यंदा! पुढच्या वर्षीचं भांडण मी तिथेच काढणार होते, पण मायलेकी बोलत बोलत रस्ता ओलांडूनही गेल्या.