गाईड मिळेना आणि पाच फॉर्म

गेल्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्याकडच्या एका गावात मी पाच फॉर्म घेऊन गेले होते आणि एकही न भरता परत आले. त्याची ही गोष्ट.

मी एम.ए. सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर भद्रावतीला, कॉलेज चंद्रपूरला, आणि डिझर्टेशनला गाईड काही मिळेना...

विषय मीच हट्टाने घेतलेला. जंगलालगतच्या गावांत ज्यांचा नवरा वाघाने नेला, त्या बायकांची झोप आणि मन. ज्या सरांकडे जावं ते एकच सांगायचे, मोबाईलचं व्यसन घे, सॅम्पल वर्गातच बसलंय! तेही खरंच होतं म्हणा... पण मन मानत नव्हतं.

शेवटी एका मॅडमचं दार वाजवलं. रिटायरमेंट दोन वर्षांवर, नवीन मुलं घेणं जवळजवळ बंद केलेलं. त्यांनी अट घातली, शनिवारी जाऊन पाच जणींचे फॉर्म भरून आण, सोमवारी बघू. सोमवारीच गाईडच्या सहीचं पत्र जमा करायचं होतं. सही नाही तर वर्ष गेलं.

मग काय, प्रिंटआऊट काढल्या, पॅड घेतलं, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड अडकवलं. एकदम ऑफिसरच दिसत होते मी. तिथेच चुकलं, पण तेव्हा कळायला पाहिजे ना...

गावातल्या आशाताईंनी पाच घरं सांगून ठेवली होती. पहिल्या घरी मला बसवून त्या आपल्या लसीकरणाला निघून गेल्या. घर सुमनबाईंचं (नाव बदललंय). आईच्या वयाच्या असतील, अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या.

मी पॅडवरचं संमतीपत्र पुढे केलं मात्र, बाई उठून आत गेल्या. आल्या त्या कापडाच्या दुकानाची एक पिशवी घेऊन. आधार, रेशनकार्ड, पंचनामा, मृत्यूचा दाखला... एकेक कागद माझ्या मांडीवर ठेवत गेल्या. क्रमाने, न विचारता. शेवटी नवऱ्याचे दोन पासपोर्ट फोटो.

"कुठी सही करू?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला पेनही घेतला.

भरपाईचं त्यांचं सरकारी काम कधीचंच झालं होतं, काही बाकी नव्हतं. पण दारात कागदवालं माणूस आलं की पिशवी काढायची, ही सवय राहून गेली होती. माझ्या संमतीपत्राच्या पहिल्याच ओळीत "मी स्वेच्छेने" असं छापलेलं... ती ओळ न वाचताच बाई सही करणार होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पेन परत घेतला. आयकार्ड काढून पर्समध्ये टाकलं. म्हटलं, बाई, मी कोणत्याच ऑफिसातून नाही आले, मी शिकते. तुम्हाला झोप लागते का, एवढंच विचारायला आले होते.

त्यांनी माझ्या मांडीवरचे कागद उचलून पिशवीत ठेवले.

"हे तं मले कोनीच नाई इचारलं वं..."

मग त्या बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. मी एकही प्रश्न वाचला नाही, शेंगा सोलत ऐकत राहिले. टोपलं संपलं तेव्हा परतीच्या शेवटच्या बसची वेळ झाली होती आणि बाकीची चार घरं राहूनच गेली.

बसमधून मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, चार फॉर्म तूच भर, कोण बघतंय? खोटं कशाला बोलू, मी एका फॉर्मवर दोन टिक मारल्यासुद्धा. तिसऱ्या प्रश्नाला सुमनबाईंचा चेहरा समोर आला आणि तो फॉर्म फाडून टाकला. वर्ष जाणार, हे धरूनच चालले होते. बाबांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव सुरू झाली होती.

सोमवारी मॅडमसमोर उरलेले चार कोरे फॉर्म ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. दोन टिकांचंसुद्धा. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते काही जमलं नाही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सॅम्पलबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "मग... झोपते का गं ती?"

"नाही मॅडम. पहाटे लागते थोडी."

त्यांनी पत्र ओढलं आणि सही केली. म्हणाल्या, या फॉर्मची रद्दी कर आणि रविवारी मलाही घेऊन चल, प्रश्न तिथे बसून ठरवू. मी तिथेच पुन्हा रडले. या वेळी मॅडमनी त्यांचा रुमाल दिला.

रविवारी गेलो दोघी, हात हलवत. सुमनबाईंनी चटई टाकली, काळा चहा दिला. पिशवी काढली नाही, हे मी आधी बघून घेतलं. मग मॅडमकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्या कोन होय वं?"

म्हटलं, या माझ्या मॅडम, मला शिकवतात.

बाईंनी थोडा विचार केला. "मंग ह्यायले कोन शिकवते?"

मी ओशाळले. मॅडमनी मात्र हातातला कप खाली ठेवला आणि सुमनबाईंच्या अगदी जवळ सरकून बसल्या.

"त्याच्यासाठीच तं आली बाई मी तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

गाईड मिळाली हो मला... आणि कशी मिळाली!