सहा हजर

पेन्सिलीचं बोथट टोक खलाशाच्या खांद्याला लावून साहेब मोजत. "एक, दोन, तीन..." शेवटच्या खांद्याला पेन्सिल लागली की म्हणत, "बरोबर. चला आता. जहाज थांबत नाही, बाप्पा."

नावं ते विचारत नसत. नाव ऐकण्यात चूक होते, मोजण्यात होत नाही, असं त्यांचं मत होतं.

सत्तरच्या दशकात तुम्ही कधी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सकाळच्या विमानाची वाट पाहिली असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा बुशशर्ट, काखेत रेल्वेचं वेळापत्रक, आणि मागे पत्र्याच्या पेट्या घेतलेली पाच-सहा माणसं. मी वर्तमानपत्राच्या कामासाठी तिथे जात असे. उतरणारे पुढारी माझ्या वाट्याला, अडकलेले खलाशी त्यांच्या.

सीताबर्डीवर एका जिन्यावरची एक खोली हे त्यांचं ऑफिस. मुंबईची एक जहाज कंपनी आपली माणसं कलकत्त्याच्या बंदरावर पाठवी. प्रवास मोडायचा तो बहुधा नागपुरात. विमान पुढे गेलं नाही की माणसं हावड्याच्या गाडीत बसवायची, हे त्यांचं काम. त्यांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. खालचा पानवाला रोज विचारी, "काय जहाजवाले, आज अंबाझरी तलावात कोणतं जहाज लागलं?"

"लागलं नाही. फुटाळ्याकडे वळवलं," ते न हसता सांगत आणि जिना चढत.

त्यांची एक पद्धत होती. ती दुसऱ्या कोणाची मी पाहिली नाही. निघण्याआधी ते प्रत्येक खलाशाकडून एक पोस्टकार्ड लिहून घेत: मी सुखरूप जहाजावर पोचलो, काळजी करू नये. एकदा जहाज सुटलं की पुढच्या बंदरापर्यंत पत्र टाकायची सोय नसे, आणि घरची माणसं महिना महिना वाट पाहत. कार्डं ते टेबलाच्या खणात ठेवत. माणसं जहाजावर चढल्याची तार कलकत्त्याहून आली की सगळी एकदम टपालपेटीत टाकत. कार्डावर शिक्का अर्थात नागपूरचा पडे. रत्नागिरीकडच्या एका बाईने उलट पत्र पाठवून विचारलं होतं, तुमचं जहाज नागपूरला कसं पोचलं? ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

दुसरी पद्धत कागदांची. खलाशाच्या सरकारी पुस्तकाला ते लोक नळी म्हणतात. ती हरवली की नोकरी गेली. म्हणून सगळ्या नळ्या ते एका फडक्यात बांधत आणि टोळीतल्या सर्वांत वयस्क माणसाकडे देत.

वसंता नागपूरजवळच्या कामठीचा. हातमागावर पोट भरेना म्हणून जहाजावर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली लागलेला. त्याची ती दुसरी सफर. पाचजण मुंबईहून विमानाने आले, सहावा वसंता नागपुरात मिळाला. ते विमान इंजिनातल्या बिघाडामुळे पुढे गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाईल, असं विमानतळावर सांगण्यात आलं. मी तिथे होतो.

वसंता म्हणाला, "साहेब, इमान उद्याच हाये तं मी घरी जाऊन येतो. पोरीले ताप हाये. सकाळी सहाले हजर राहतो."

"उद्याचं विमान उद्या पाहू. दुपारच्या गाडीनं निघायचं."

"काहून पण? उद्या गेलं तरी पोचतोच ना गा आपण?"

"न गेलं तर? जहाज थांबत नाही, बाप्पा."

बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "बायको सोडवत नाही त्याला." वसंताही हसला. त्यानं ऑफिसात बसून कार्ड लिहिलं. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षरं मोठी आणि सुटी. दुपारी स्टेशनवर पेन्सिल सहाव्या खांद्याला लागली आणि गाडी सुटली.

तिसऱ्या दिवशी तार आली: सहा हजर. त्यांनी खण उघडला, सहा कार्डं मोजली आणि टाकली.

बारा दिवसांनी कलकत्त्याहून एक रजिस्टर पाकीट आलं. आत वसंताची नळी आणि चिठ्ठी होती. सदर इसम हजर झाला नाही, वाटेत गाडी चुकली असे सोबत्यांनी सांगितले, जागी स्थानिक माणूस घेतला, नळी मालकास परत करावी. सहा माणसं मागितली होती, सहा चढली. तारेत नावं घालायची पद्धत नव्हती. नुसता आकडा कळवायचा, हे त्यांनीच घालून दिलं होतं.

त्याच दिवशी ते गाडीत बसले. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून रेल्वे पोलिसांकडे चौकशी करत गेले. टाटानगरला नोंद सापडली. पाण्याला उतरलेला एक इसम चालत्या गाडीच्या मागच्या डब्यात चढताना पाय घसरून चाकाखाली गेला होता. सोबती पुढच्या डब्यात होते, त्यांना पत्ता नाही. अंगावर ओळखीचा एकही कागद नव्हता, कारण कागद फडक्यात बांधून पुढे गेले होते. बेवारस म्हणून अग्नी दिलेला. उरला होता तो पोलिसांनी काढलेला एक फोटो आणि कामठीच्या शिंप्याची पट्टी असलेला सदरा.

परत आल्यावर ते माझ्याकडे आले. म्हणाले, "बातमी देऊ नका. आधी तिला सांगू द्या. आणि सोबत चला. माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही."

कामठीला वसंताची बायको दारात हातमागाच्या कांड्या भरत बसली होती. पोरीचा ताप उतरला होता, ती शेजारी सूत ओढत होती. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न वगळता. बाईने ऐकून घेतलं, आत गेली आणि कार्ड घेऊन आली.

"साहेब, तुमची काहीतरी चूक होऊन राहिली. हे पाहा. मास्तरनं वाचून दाखोलं मले. पोचलो म्हणून लिवलं हाये."

त्यांनी फोटो पुढे केला. बाईने बराच वेळ पाहिला. "हा नोहे," ती म्हणाली. सदरा तिने घेतला नाही. "असे सदरे त्या शिंप्यानं अर्ध्या कामठीले शिवले."

"बाई, ते कार्ड मी टाकलं."

"पण लिवलं त्यायनंच ना?"

"हो."

"मग?"

परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "दुसऱ्या दिवशीचं विमान वेळेवर गेलं."

त्यानंतर ते नावं विचारू लागले. नाव, बापाचं नाव, गाव. प्रत्येकाची नळी प्रत्येकाच्या खिशात. कार्डं बंद झाली. "चला" म्हणत, पण जहाज थांबत नाही, हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. पानवाल्याने थट्टा करून पाहिली, उत्तर मिळेना, मग त्यानंही सोडून दिली.

ती बाई महिन्यातून एकदा येई. कपाळावर कुंकू तसंच. खलाशांच्या बाकावर बसे आणि विचारी, "साहेब, पोचले ना ते?"

"नाही, बाई. ते कार्ड मी टाकलं."

"पण लिवलं त्यायनंच ना?"

"हो."

मग पाणी पिऊन ती जाई. हे मी अनेकदा पाहिलं. एकदा मी त्यांना म्हणालो, हो म्हणा की तिला, काय बिघडतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदा न पाहता पोचला म्हणून कळवलं. आता पुन्हा नाही."

सात-आठ वर्षं हे चाललं. मग एका हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्याने गेले. कंपनीने ऑफिस बंद केलं. सामान हलवायच्या दिवशी मी गेलो होतो. टेबल खाली गेलं होतं, बाक तेवढा उरला होता. दोन हमाल त्याला हात घालणार, तोच ती जिना चढून आली.

साहेब वारल्याचं मी तिला सांगितलं. ती बाकावर बसली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. घड्यांवर ते फाटलं होतं, मागून कागद चिकटवला होता.

"भाऊ, पोचले ना ते?"

हमाल उभे होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "ते कार्ड साहेबांनी टाकलं होतं."

"पण लिवलं त्यायनंच ना?"

"हो."

तिने कार्ड पिशवीत घातलं आणि उठली. हमालांनी बाक उचलला.