विलासभाऊचा एक जीबी

सीझनमध्ये आमच्या जिनिंगला रुई साचते आणि सीझन संपला की किस्से. रुई निदान ट्रकमध्ये बसून निघून जाते. किस्से जागचे हलत नाहीत, वरून फुगतात. त्यातले निम्मे तरी एका काडेपेटीएवढ्या डबीतून निघालेले आहेत.

मारेगावजवळचं आमचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायचा कारखाना. कापसाचा भाव पडला होता, गाड्या कमी यायच्या, त्या वर्षांत बसायला वेळच वेळ. मी काट्यावर, म्हणजे आलेल्या गाड्यांचं वजन करायला आणि वजन वाढावं म्हणून कापूस ओला तर केला नाही ना, ते विचारायला. विलासभाऊ प्रेसवर, सुट्या रुईच्या दाबून गाठी बांधायला. आणि ती डबी म्हणजे विलासभाऊनं यवतमाळहून आणलेला एमपीथ्री प्लेअर.

* * *

गाणी भरायला तो मारेगावच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेला. पोरगं म्हणालं, "काका, जागा संपली. एकच जीबी आहे."

विलासभाऊ म्हणाला, "जागा संपत नसते बाप्पा, दाब कमी पडते. दाब अजून."

आता गंमत अशी, की गाणी दाबून लहान करायची सोय त्या पोराकडे खरंच होती. विलासभाऊच्या लावण्या, रफिक मिस्त्रीच्या कव्वाल्या, माझी नाट्यगीतं, सगळं मावलं. वर जागा उरली.

"पाह्यलं? शिकून काय होते? माणूस प्रेसवर पाह्यजे."

* * *

फक्त आवाज गेला. ढोलकी पत्र्यावर चणे सांडल्यासारखी आणि गाणारी बाई गोडेतेलाच्या पिप्यात कोंडल्यासारखी. रफिक मिस्त्री आमच्या मशिनी दुरुस्त करायचा, त्यानं एकदाच कानाला लावून निकाल दिला, "विलासभाऊ, इसका तो दम निकल गया."

विलासभाऊ डगमगला नाही. "गाठ खोलली का रुई फुगते का नाही? तसंच हाय हे. थोडं ऊन दाखवू."

आणि खरोखर प्लेअर दुपारभर वाळत घातलेल्या कापसावर ठेवला. माझ्यावर विश्वास बसत नसेल तुमचा, तर रफिकला विचारा. संध्याकाळी विलासभाऊनं ऐकलं आणि म्हणाला, "फरक हाय."

रफिकनंही ऐकलं. "हां, अब आवाज गरम आ रही."

* * *

इअरफोन एक, ऐकणारे तीन. रफिकनं तो स्टीलच्या ग्लासात टाकला तर आवाज वाढला. विलासभाऊ म्हणाला, मग ग्लासच कायले? त्यानं पाण्याचा रिकामा माठ आणला. काय बास आला म्हणता! आम्ही तिघं माठाभोवती डोकी भिडवून बसलो.

मागून जिनिंगचे मालक सेठजी आले. "काय रे, काय पडलं आत?"

"लावणी, सेठजी," विलासभाऊ मान वर न करता म्हणाला.

* * *

एका सीझनला मात्र गाड्यांची रांग लागली आणि हाका मारून माझा घसा बसला. त्या प्लेअरमध्ये आवाजही भरता यायचा. विलासभाऊनं माझी हाक भरून घेतली आणि वायर आवारातल्या भोंग्याला जोडली. मी काट्यावर मुकाट्यानं चहा प्यायचो, माझाच आवाज वरून गरजायचा आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर शहाण्यासारखे पुढे सरकायचे. बायको एकदा डबा घेऊन आली. म्हणाली, "घरीही हेच लावा, तुम्ही इथंच राहा."

* * *

मग विलासभाऊच्या शीतलचं लग्न निघालं. घरचा कापूस मातीमोल गेलेला, बँडवाल्याला नाही म्हणावं लागलं. सेठजींनी रिकामं आवार दिलं, भोंगा होताच. व्याही केळापूरकडचे, दरसाल आमच्याच काट्यावर कापूस आणणारे. त्यांनी आधीच बजावलं होतं, "बँड पाह्यजे. नवरदेव मुक्यानं आत येनार नाही."

शीतल बापाला म्हणाली, "बाबा, दागिना कमी करा, पन वरात दारात अडू देऊ नका."

विलासभाऊ पुन्हा कॉम्प्युटरवाल्याकडे गेला. "सगळं पुस. थोडेच गाणे दे, पन न दाबलेले." माझी हाक तेवढी त्यानं पुसू दिली नाही. मला म्हणाला, "भाऊ, जित्या मानसाचा आवाज कसा पुसाव?"

लग्नाच्या दिवशी गेटबाहेर जीप येऊन थांबली. विलासभाऊनं बटण दाबलं. सनई अशी स्वच्छ निघाली की रफिकनं डोळे मिटले. पण व्याही जीपमधून उतरेनात. "ह्याले बँड म्हनते काय?" नवरदेव खाली बघत बसला. मांडवाच्या कडेला शीतल उभी, हातातला हार घट्ट धरून.

सनई संपली. पुढचं गाणं लागायच्या ऐवजी भोंग्यातून माझा आवाज गरजला, "चला, पुढची गाडी काट्यावर घ्या."

ड्रायव्हर दरसाल त्यांचा कापूस आणणाराच, सवयीचा. त्यानं गिअर टाकला. जीप सरळ गेटातून आत आली आणि नवरदेवासकट काट्यावर चढून उभी राहिली. विलासभाऊनं कपाळ धरलं. भोंगा पुढे बोलला, "कापूस ओला असन त आत्ताच सांगा."

व्याह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भोंग्याकडे बघत हात जोडले.

"ओला नाही जी. हात घालून पाहा."