रुमाल टाकून धरलेली खुर्ची

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात रग्बी सगळ्यात कमी कळणारा आणि ती सगळ्यात मोठ्याने समजावून सांगणारा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. काका तीस वर्षं एसटी स्टँडवर नियंत्रक होते. ते निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. सोसायटीत पाण्याचा टँकर आला की तो शिट्टीवरच मागे घेतला जातो, आणि जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की वरून हुकूम येतो, “आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!”

मी आमच्या रग्बी क्लबची चिटणीस. पहिल्या सभेत कोणीतरी खेळाडूंची यादी मागितली आणि ती फक्त माझ्याकडे निघाली, एवढीच माझी पात्रता. क्लब गे मुलांसाठी आहे, आणि त्यांच्या बाजूने उभं राहून चिखलात पडायची तयारी असलेल्या कोणासाठीही. त्यात एक नर्स आहे, विंचूरचा एक कांद्याचा व्यापारी आहे आणि मालेगावकडचा एक धिप्पाड कप्तान आहे. काका मात्र चौकशीला आले. झालं होतं असं, की त्यांच्या एकुलत्या एका मुलाने एके दिवशी सांगितलं, “बाबा, मला मुलगे आवडतात. माझ्यासाठी मुली बघू नका.” काकांच्या तोंडून स्टँडवरच्या चौकशी खिडकीमागची सवय बोलली : “थांबा, चौकशी करून सांगतो.” मुलगा थांबला नाही. पुण्याला गेला, तिथल्या अशाच एका क्लबात खेळू लागला आणि वडिलांचा फोन उचलेनासा झाला.

काकांनी मात्र खरोखरच चौकशी केली. दर रविवारी डायरी घेऊन मैदानावर हजर. प्रत्येक खेळाडूला एकच प्रश्न, “घरी सांगितलंत तेव्हा वडील काय म्हणाले?” एकाचे वडील ‘जेवून घे’ म्हणाले होते, एकाच्या वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. काकांनी सगळं वेळेसकट लिहून घेतलं. चौकशी संपेना, म्हणून मग ते तिथलेच झाले. चेंडू मागेच द्यायचा, हा नियम ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं. “वहिनी, मागे देत देत पुढे जाणारी गाडी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.” स्क्रममध्ये दोन्हीकडची पोरं खांदे भिडवून रेटारेटी करू लागली की शिट्टी ठरलेली. “ढकलाढकली नको! रांगेत या!” कप्तान अहिराणीत ओरडायचा, “काका, हाई रग्बी शे, यष्टी नई!” पण पोरं रांगेत आलेली असायची.

आणि रुमाल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचे रुमाल काकांनी तीस वर्षं बाहेर भिरकावले. तेच काका मैदानाच्या कडेला दोन खुर्च्या मांडून शेजारच्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकायचे. कोणी टेकायला गेलं की, “जागा धरलीय.” कोणासाठी ते कोणी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा संघ आमच्याशी खेळायला आला. माझ्या यादीत पाण्याचे जार, केळी, क्रेप बँडेज, सगळ्यावर खूण झाली होती. त्यांच्या खेळाडूंच्या यादीत काकांच्या मुलाचं नाव होतं. काका इस्त्रीचा खाकी शर्ट घालून कडेला झेंडा धरून उभे. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना चेंडू त्याच्या हातात आला. समोर आमची पोरं भिंत करून उभी. इतक्यात शिट्टी कडाडली. “पुणे! पुणे! वाट सोडा, आत सरका!” वर्षभराच्या सवयीने आमची अख्खी भिंत निमूट बाजूला सरकली. मुलगा मोकळ्या वाटेने गेला, चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि आम्ही हरलो.

कप्तान कपाळाला हात लावून म्हणाला, “काका, तुम्ही कोणाकडून?” काका झेंड्याची काठी पुसत राहिले.

मुलगा धापा टाकत आला. खुर्चीवरचा रुमाल उचलला, त्याला तोंड पुसलं आणि बसला. बुटाची नाडी सोडत म्हणाला, “बाबा, चौकशीचं काय झालं?”

“झाली,” काका म्हणाले. “सगळं बरोबर आहे. उशीर आमच्याकडून झाला. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल…” तीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य त्यांना पुढे म्हणता येईना. मुलाने रुमाल त्यांच्याकडे दिला. मी केळी मोजायला गेले. ती आधीच मोजलेली होती.

आता मुलगा फोन उचलतो. सणाला घरीही येतो. तरी परवाच्या रविवारी शेजारच्या खुर्चीवर पुन्हा रुमाल दिसला. मी विचारलं, “आता कोणासाठी?”

काका फाटकाकडे बघत म्हणाले, “येईल हो कोणाचातरी बाप. चौकशीला.”