कडीवरचा हात

"ताई, आधी हे बघा. मग बोलू."

रणजितनं मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला नाही, आपटला. रणजित म्हणजे आम्ही करत होतो त्या पिक्चरचा दिग्दर्शक. हातकणंगल्याचा. पहिलाच पिक्चर, त्यामुळे नाकावर राग कायम तयार.

मोबाइलवर एका परदेशी वेबसाइटची जाहिरात चालू होती. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढून देतो, तोही फुकट, असं सांगणारी. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन भाग. आणि दोन्हीकडे आमचा सीन! आजऱ्याची काजू फोडायची शेड, मागं मशीनची घरघर, आणि आमची नायिका नवऱ्याला सांगतेय की मी आता घरी परत येणार नाही. बोलून झाल्यावर ती बाहेर जाते आणि दाराला कडी घालते. जाहिरातीत त्या कडीच्याही थोडं पुढपर्यंत सगळं होतं.

पिक्चर अजून कुणी बघितलेला नव्हता. एका महोत्सवानं तो निवडला होता, पण अट एकच, त्याआधी त्यातलं काहीही लोकांसमोर आलेलं चालणार नाही.

"कुठून आलं हे तुझ्याकडं?"

"हिरॉइनच्या चुलत भावानं पाठवलं. तो म्हणतोय, अभिनंदन, तुमचा पिक्चर परदेशात लागला!" रणजितचा आवाज चढला. "हे दस्तगीरचं काम हाय. आवाज साफ करायला त्यानंच घेतलाय. आन नेटवर सारखं कायतरी उचकत बसायची सवय बी त्यालाच हाय."

दस्तगीर आमचा साउंडवाला. मी चित्रं जोडते, म्हणजे एडिटिंग करते. जोडून झालं की तो आवाज बसवतो. नको ते काढतो, हवं ते घालतो. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगपासून आम्ही बरोबर आहोत. माझ्या स्टुडिओतली आतली खोली त्याचीच.

"त्याला आजच्या आज बाजूला करा," रणजित म्हणाला. "मी बाकीच्यास्नी बी सांगणार हाय. कॅमेरावाल्याला तर सांगून आलोय."

आमची लाइन कोल्हापुरात एवढीशी. सकाळी एका स्टुडिओत बोललेलं संध्याकाळी सगळीकडं पोचतं. पिक्चर बाहेर सोडतो असा शिक्का बसला तर दस्तगीरला कुणी दारात उभं करणार नाही. हे मला लख्ख कळत होतं. तरीही 'तो असं करणार नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. कारण संशय मलाही आला होता.

माझा स्वभावच तसा. भाजी घेताना मी गवार वरची उचलत नाही, हात खालपर्यंत घालून बघते. त्यात आमचा धंदा आम्ही नेटवरून शिकलो. आमच्या वेळी इथं एडिटिंग शिकवणारं कुणी नव्हतं. यूट्यूबवरचे धडे बघायचे, जगभरचे एडिटर गप्पा मारतात त्या फोरमवर अडलेलं विचारायचं, पावसाचे-पाखरांचे आवाज फुकट मिळतात तिथून उतरवून घ्यायचे. या सगळ्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण फुकट म्हटलं की मी आधी मागून-पुढून बघते. दस्तगीरचं तसं नाही. तो विश्वासानं बटण दाबतो.

रणजितला चहा देऊन बसवला आणि मी तो फोरम उघडला. दस्तगीरचा प्रश्न तिथं होताच. काजूच्या शेडमधल्या मशीनचा आणि बाईचा आवाज एकाच पट्टीत आहेत, वेगळे कसे करू?

आतल्या खोलीत गेले. दस्तगीरनं हेडफोन गळ्यात उतरवला.

"शेडच्या सीनबद्दल तू फोरमवर विचारलंयस?"

"व्हय की. दोघा-तिघांनी चांगलं सांगितलं बी."

"त्याच्याबरोबर क्लिप टाकलीस?"

"न्हाय. नुसतं लिवलं."

"एखाद्या साइटवर साफ करायला चढवलीस? ट्रायल म्हणून?"

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "ताई, हे तुमी इचारताय का रणजितशेठ इचारत्यात?"

"मीच विचारतेय."

"मग न्हाय. आन पुन्यांदा इचारू नगासा."

त्यानं हेडफोन परत कानाला लावला. त्याचा राग मी बघितला, आणि मनात काय आलं? इतका का चिडला? संशयाचं हे असंच. माणूस चिडला तरी वाढतो, गप्प बसला तरी वाढतो.

पण खरं काय ते कळण्याची एक सोय माझ्याकडं होती. ती मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

काम चालू असताना पिक्चरच्या कॉपी दोघा-चौघांकडं जातात. दिग्दर्शकाला बघायला, साउंडवाल्याला आवाज बसवायला, कलरवाल्याला रंग सारखे करायला. कॉपीवर नाव छापतात, त्याला वॉटरमार्क म्हणतात. पण ते नाव कडेला असतं आणि कडा कापून टाकता येते. या जाहिरातीतही कडा कापलेली होती. म्हणून मी चित्राच्या आतच खूण करते. प्रत्येकाच्या कॉपीत महत्त्वाच्या सीनमधला एखादा शॉट जरासा लांबवायचा आणि पुढचा तेवढाच आखूड करायचा. एकूण लांबी तीच राहते, आवाज जागचा हलत नाही, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. फायनलला सगळं जागेवर.

शेडच्या सीनमधली खूण कडीवर होती. दस्तगीरच्या कॉपीत बाई कडी घालून हात खाली घेते आणि मग चित्र बदलतं. रणजितच्या कॉपीत हात कडीवर असतानाच बदलतं. कलरवाल्याकडं हा सीन अजून गेलाच नव्हता.

मी टेबलाशी आले. जाहिरात कॉम्प्युटरवर लावली आणि कडीनंतर चित्र बदलतं तिथं थांबवली.

हात कडीवरच होता.

पुन्हा लावली. पुन्हा कडीवरच. आधी मला हायसं वाटलं, मग समोर बिस्किट बुडवत बसलेल्या रणजितचा असा राग आला की विचारू नका. आणि मग कळलं की मी चांगलीच अडकले आहे. दस्तगीरला सोडवायचं तर खूण दाखवावी लागणार. खूण दाखवायची तर त्याला कळणार, की त्याच्याही कॉपीवर ती होती.

रणजितला एकट्याला सांगता आलं असतं. पण आरोप चारचौघांत करायचा आणि सुटका कानात सांगायची, हे मला पटेना. मी दस्तगीरला बाहेर बोलावलं, काय झालं ते सांगितलं, दोन्ही कॉपी जाहिरातीशेजारी लावल्या आणि कडीवरची खूण दोघांना दाखवली.

"रणजित, जाहिरातीतली ही तुझी कॉपी आहे. तू हा सीन कुठं टाकला होतास?"

"मी? मी कशाला टाकू?"

"आठव."

तो आठवायला लागला. मग त्याचे कान लाल झाले. "टाकला न्हवता ओ. मशीनचा आवाज लई येत हुता म्हणून एका साइटवर साफ करून बघितला. आवाज डब्यातनं आल्यागत आला. दिलं सोडून."

"तिथं काहीतरी मान्य करायला सांगितलं असेल."

"ते काय, खाली चौकोन असतोय की. त्यावर टिक केलं. ते कोण वाचतंय?"

मी त्या साइटच्या अटी उघडून वाचल्या. चढवलेली क्लिप नमुना म्हणून दाखवायला तुमची परवानगी आहे, असं साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. चोरी कुणीच केली नव्हती. आमच्या दिग्दर्शकानं सीन आपल्या हातानं देऊन टाकला होता.

रणजित उठला, दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, दस्तगीर. कॅमेरावाल्याला आत्ता फोन करतो." आणि खरोखर आमच्यासमोरच केला.

दस्तगीरचं तिकडं लक्षच नव्हतं. तो स्क्रीनकडं बघत होता.

"ताई, ही दुसरी माझी कॉपी?"

"हो."

"हिच्यावर बी खूण?"

"सगळ्यांच्याच कॉपीवर असते."

"मागल्या पिक्चरला बी हुती?"

"होती."

"त्याच्या मागल्या?"

मी मान हलवली. खोटं बोलायचा विचार आला होता, तो दाबला.

"म्हंजे मला चोर धरूनच काम देत हुतासा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

साइटला मेल केला, त्यांनी जाहिरात उतरवली. महोत्सवाला झालं ते खरं कळवलं, त्यांनी ते समजून घेतलं आणि पिक्चर तिथं दाखवला गेला. शेडच्या सीनला लोक इतके गप्प होते की दस्तगीरनं साफ केलेला शब्द न् शब्द ऐकू आला. तो काम सोडून गेला नाही. पण आधी आपली हार्ड डिस्क माझ्या टेबलावर टाकून जेवायला जायचा, ती आता खिशात घालून जायला लागला.

पुढचं काम एका डेअरीच्या माहितीपटाचं होतं. दस्तगीरनं आवाज लावून कॉपी पाठवली, ती मी रात्री घरी बघायला बसले. गोठ्याचा सीन संपला, चेअरमन ऑफिसात खुर्चीवर बसून बोलायला लागले, आणि त्यांच्या वाक्याच्या मध्येच लांबवर एक म्हैस रेकली. ऑफिसात म्हैस कुठली? मी फोन लावला.

"ती म्हैस चुकून राहिलीय काय रे?"

"न्हाय ताई. ती फकस्त तुमच्या कॉपीत हाय. डेअरीवाल्यांच्यात कोंबडा घातलाय. फायनलला दोन्ही काढतो."

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र ती म्हैस पुन्हा एकदा लावून ऐकली.

फुकटच्या साइटवर काही चढवण्याआधी अटी वाचा, हे मी हल्ली सगळ्यांना सांगते. कॉपीवर खुणा अजून करते, पण देतानाच तसं सांगून टाकते. दस्तगीर मात्र त्याची म्हैस कुठं आहे ते सांगत नाही. ती सापडेपर्यंत मला कान देऊन बसावं लागतं.